पोलादाच्या पोटातला वायू : संलयन भट्टीची भिंत का थकते

१२ फेब्रुवारी २०२५ रोजी फ्रान्समधल्या 'वेस्ट' या यंत्रात प्लाझ्मा, म्हणजे प्रचंड तापलेला विद्युतभारित वायू, १,३३७ सेकंद टिकला. म्हणजे बावीस मिनिटांहून थोडा जास्त वेळ. त्याच्या तीनेक आठवडे आधी चीनच्या 'ईस्ट' यंत्राने १,०६६ सेकंदांचा पल्ला गाठला होता. दोन्ही बातम्या आपल्यापर्यंत 'कृत्रिम सूर्य' या नावाने पोचल्या. अशी बातमी आली की प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारला जातो : सूर्य पेटवता येतो, तर मग वीज कधी?

या प्रश्नाचं अर्धं उत्तर ज्वाळेत आहे आणि त्याबद्दल भरपूर लिहिलं जातं. उरलेलं अर्धं भांड्यात आहे. आकाशातल्या सूर्याला भांडं लागत नाही, त्याचं स्वतःचं वजनच त्याला बांधून ठेवतं. आपल्या छोट्या सूर्याभोवती मात्र भिंत उभारावी लागते आणि ती बहुतेक ठिकाणी पोलादाची असते. भट्टी चालू असताना या पोलादाच्या आतच दोन वायू तयार होऊ लागतात, हायड्रोजन आणि हेलियम. ते बाहेरून शिरत नाहीत, लोखंडाच्या अणूंमधूनच जन्मतात. माझ्या मते संलयनाची वीज परवडणार की नाही, हे प्लाझ्मा किती मिनिटं टिकला यापेक्षा हे दोन वायू पोलादाचं काय करतात यावर जास्त अवलंबून आहे.

भिंतीवर नेमकं काय आदळतं

संलयन, म्हणजे फ्यूजन : दोन हलकी अणुकेंद्रं एकत्र येऊन एक जड केंद्र बनणं. त्यात ऊर्जा सुटते. पृथ्वीवर त्यातल्या त्यात सोपी जोडी म्हणजे ड्यूटेरियम आणि ट्रिटियम. दोन्ही हायड्रोजनचीच जड भावंडं आहेत. ती एकत्र आली की हेलियमचं केंद्र आणि एक मोकळा न्यूट्रॉन मिळतो. सुटलेल्या ऊर्जेचा ऐंशी टक्के वाटा हा न्यूट्रॉन घेऊन जातो.

प्लाझ्माला चुंबकीय क्षेत्राने अधांतरी तोलून धरता येतं, कारण त्यातल्या कणांवर विद्युतभार असतो. न्यूट्रॉनवर भारच नाही, त्यामुळे चुंबक त्याला अडवू शकत नाही. तो सरळ भिंतीत घुसतो, सेकंदाला सुमारे ५१,००० किलोमीटर वेगाने. पृथ्वीभोवती एका सेकंदात सव्वा प्रदक्षिणा होईल इतका हा वेग. वीज मिळायची तीही याच न्यूट्रॉनच्या उष्णतेतून, त्यामुळे तो नको असं म्हणण्याची सोय नाही.

आणि इथेच विक्रमांच्या बातम्यांतली एक गोष्ट निसटते. 'वेस्ट' आणि 'ईस्ट' यांनी हे विक्रम ट्रिटियम न वापरता केले. ते प्लाझ्मा टिकवण्याचे विक्रम आहेत आणि त्यांचं मोल मोठं आहे. पण त्या भिंतींना या न्यूट्रॉनांचा खरा मारा सोसावाच लागला नाही.

कॅरमचा फोड आणि रिकाम्या खुर्च्या

पोलादात अणू शिस्तीत, रांगांमध्ये बसलेले असतात. वेगवान न्यूट्रॉन त्यांच्यात शिरला की कॅरमच्या पहिल्या फटक्यासारखं होतं. स्ट्रायकर एका सोंगटीला लागतो, ती दुसरीला, ती तिसरीला. लोखंडाच्या अणूला जागेवरून हलवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या हजारो पट ऊर्जा न्यूट्रॉन पहिल्याच धडकेत देऊ शकतो. म्हणून एका धडकेत शेकडो अणू उधळतात.

उधळलेले बहुतेक अणू क्षणार्धात कुठल्या ना कुठल्या जागी परत बसतात. सगळे मात्र नाही. नाट्यगृहात मध्येच पळापळ झाली, तर काही खुर्च्या रिकाम्या राहतील आणि काही प्रेक्षक दोन रांगांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत उभे राहतील. पोलादातही तसंच होतं : काही जागा रिकाम्या, काही अणू अडगळीत. हे नुकसान मोजायचं एकक म्हणजे डीपीए, प्रत्येक अणू सरासरी किती वेळा जागेवरून उडाला तो आकडा. १०० डीपीए म्हणजे भिंतीतला प्रत्येक अणू सरासरी शंभर वेळा हलला. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या 'ईटर' या आंतरराष्ट्रीय प्रयोगात पोलादाला आयुष्यभरात जास्तीत जास्त ३ डीपीएच्या आसपास सोसावं लागेल. पुढच्या वीजकेंद्रांत तेवढं काही महिन्यांतच होऊ शकतं.

एवढंच असतं तर पोलादाने बहुधा निभावून नेलं असतं. अणू हलले तरी लोखंड लोखंडच राहतं. खरी पंचाईत पुढे आहे.

लोखंडातून वायू कसा निघतो

काही न्यूट्रॉन अणूला नुसते ढकलत नाहीत, थेट त्याच्या केंद्रात शिरतात. लोखंडाच्या केंद्रात २६ प्रोटॉन असतात. आलेल्या जादा ऊर्जेने ते केंद्र कधी दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनांचा गठ्ठा बाहेर फेकतं. तो गठ्ठा म्हणजे हेलियमचं केंद्र. दोन प्रोटॉन गमावलेलं लोखंड क्रोमियम झालेलं असतं. कधी केंद्र एकच प्रोटॉन फेकतं. तो प्रोटॉन म्हणजे हायड्रोजन, आणि लोखंडाचं झालं मँगनीज. हे मँगनीज किरणोत्सारी असतं आणि त्याचा अर्धायुकाल अडीच तासांहून थोडाच जास्त आहे, म्हणून लवकरच ते पुन्हा लोखंड बनतं. लोखंड घरी परतलं, पण हायड्रोजन मात्र मागे उरला.

केंद्रातून भारित तुकडा बाहेर काढायला भरपूर ऊर्जा लागते. म्हणूनच नेहमीच्या अणुभट्टीतले मंद न्यूट्रॉन लोखंडात हे काम फारसं करत नाहीत आणि संलयनाचे न्यूट्रॉन सहज करतात. संलयन भट्टीत प्रत्येक डीपीएमागे दहा लाख अणूंत सुमारे १० हेलियमचे आणि ४०-५० हायड्रोजनचे तयार होतात. वेगवान न्यूट्रॉनांच्या अणुभट्टीत याच पोलादात हेलियमचा हा आकडा एकाहूनही कमी असतो.

दहा लाखांत दहा म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. म्हणून एक किलो पोलादाचा हिशेब करून पाहू. १०० डीपीए झाल्यावर त्यात दहा लाखांत हजार, म्हणजे दर हजार अणूंमागे एक हेलियमचा असेल. तो सगळा बाहेर काढून साध्या हवेच्या दाबाला मोजला, तर सुमारे ४०० मिलिलिटर भरेल. एक किलो पोलादाचं स्वतःचं आकारमान जेमतेम १३० मिलिलिटर. म्हणजे धातूच्या तिप्पट आकारमानाचा वायू त्या धातूच्याच पोटात कोंडलेला. हायड्रोजन धरलाच नाही अजून.

हेलियम तर निरुपद्रवी वायू, तो काय करणार?

हा आक्षेप अगदी स्वाभाविक आहे. हेलियम जळत नाही, गंजवत नाही, कुणाशी संयोग पावत नाही. फुग्यात भरतात तो हाच.

या वायूशी आपल्या कोकणाचं जरा जवळचं नातं आहे. १८६८च्या ग्रहणाच्या वर्षी सूर्यप्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा दिसली आणि तिच्यावरून पृथ्वीवर सापडण्याआधीच हेलियमची चाहूल लागली. ती रेषा नव्या मूलद्रव्याची आहे हे ओळखणाऱ्यांत इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर होते. हेच लॉकियर पुढे जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी विजयदुर्गावर मुक्कामाला आले होते. शोध विजयदुर्गावर लागला असं अनेकदा सांगितलं जातं. तो त्याच्या तीस वर्षं आधीचा, पण लॉकियर यांचं तिथलं येणं खरं आहे.

मूळ मुद्दा असा की हेलियमचं कुणाशी जमत नाही, हाच पोलादाचा जाच आहे. कार्बन लोखंडात मुरतो, क्रोमियम मिसळतो. हेलियमला लोखंडाच्या रांगांत कुठेच जागा नसते. म्हणून तो धावत सुटतो आणि पहिली रिकामी खुर्ची दिसली की तिच्यात बसतो. एकदा बसला की उठत नाही. एरवी ती खुर्ची आज ना उद्या एखाद्या भटक्या अणूने भरून काढली असती. आता ती कायमची अडली. शेजारी आणखी रिकाम्या जागा येतात, आणखी हेलियम येतो आणि बुडबुडा तयार होतो.

हा बुडबुडा डोळ्यांना दिसणारा नव्हे. एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा, नॅनोमीटरच्या घरातला. पण बुडबुडा जितका छोटा, तितका धातूचा पृष्ठताण त्याला जास्त आवळतो. एक नॅनोमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याचं गणित मांडलं, तर समतोलासाठी आतल्या वायूचा दाब हवेच्या दाबाच्या चाळीस हजार पटींच्या आसपास येतो. घरातला प्रेशर कुकर जेमतेम दुप्पट दाबाला शिटी देतो.

विरजण

पुढची पायरी समजायला घरातलंच उदाहरण पुरतं. भांडंभर कोमट दूध नुसतं ठेवलं तर त्याचं घट्ट, चांगलं दही लागत नाही. चमचाभर विरजण घातलं की रात्रीत सगळं भांडं लागतं. माऱ्यात सापडलेलं पोलाद असंच रिकाम्या जागांनी भरलेलं असतं, पण त्या जागा एकत्र येऊन मोठं भोक पडायला सुरुवात कुठून तरी व्हावी लागते. हेलियमचा बुडबुडा हे ते विरजण. तो एका ठरावीक आकारापलीकडे गेला की त्याला वाढायला वायूही लागत नाही. आसपासच्या रिकाम्या जागा गिळत तो नुसताच फुगत जातो. आता तो बुडबुडा राहिला नाही, पोकळी झाला.

१९६७ साली कॉथॉर्न आणि फुल्टन या दोन संशोधकांनी स्कॉटलंडमधल्या डूनरे इथल्या वेगवान अणुभट्टीतल्या स्टेनलेस स्टीलमध्ये अशा पोकळ्या प्रथम दाखवल्या. पोलाद आतून जाळीदार झालं होतं आणि बाहेरून फुगलं होतं. फुगवटा पाच टक्के म्हटला, तर प्रत्येक दिशेने लांबी दीड टक्क्याहून थोडी जास्त वाढते. एक मीटरची पट्टी सोळा-सतरा मिलिमीटरने लांब. ज्या यंत्रात नळ्या, जोड आणि फटी मिलिमीटरच्या हिशेबाने बसवलेल्या असतात, तिथे याचा अर्थ काय होतो हे कुठल्याही फिटरला सांगावं लागणार नाही.

दुसरी वाट याहून वाईट. पोलाद एकसंध दिसलं तरी ते लहान लहान स्फटिककणांचं बनलेलं असतं, विटांच्या भिंतीसारखं. विटांमधल्या सांध्यांत जशी ओल धरते, तसा तापलेल्या पोलादात हेलियम कणांच्या सांध्यांत जमतो. मग ताण आला की वीट तुटत नाही, सांधा उघडतो. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेत प्रोटॉन आणि न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवलेल्या पोलादाच्या नमुन्यांत हे दिसलं. दहा लाखांत सुमारे ५००च्या पुढे हेलियम गेला की तुटण्याची तऱ्हाच बदलते आणि नमुना कणांच्या सांध्यांवर उकलतो.

शिवाय चिक्कीचा प्रश्न आहेच. गरम असताना चिक्की वाकते, गार झाली की कटकन तुटते. पोलादालाही असं एक तापमान असतं. त्याच्या वर ते वाकून धक्का सोसतं, खाली काचेसारखं फुटतं. चांगल्या पोलादाचं हे तापमान शून्याच्या बरंच खाली असतं, म्हणून आपल्याला त्याची आठवणही येत नाही. न्यूट्रॉनांचा मारा ते वर ढकलतो आणि हेलियम त्यात भर घालतो. भट्टी दुरुस्तीसाठी थंड केली, तर तेव्हाच भिंत सर्वात नाजूक असण्याची भीती.

हायड्रोजन : कारखान्यांना जुना ओळखीचा

हायड्रोजनचा त्रास अणुयुगाच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. १८७५ साली इंग्लंडमधल्या विल्यम जॉन्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे एक निरीक्षण मांडलं. आम्लात बुडवून काढलेलं लोखंड काही मिनिटांतच ठिसूळ होतं. तुटलेली बाजू ओली केली तर तिच्यातून बुडबुडे फसफसतात. आणि तोच तुकडा काही काळ ठेवून दिला, तर त्याचा चिवटपणा परत येतो. हायड्रोजन आत गेला, हायड्रोजन बाहेर गेला, इतकी साधी गोष्ट.

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात ज्यांनी काम केलं आहे त्यांना हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. उच्च ताकदीच्या बोल्टवर झिंक प्लेटिंग झालं की ते ओव्हनमध्ये दोनशे अंशांच्या आसपास काही तास ठेवतात, त्याला बेकिंग म्हणतात. ते चुकलं तर बोल्ट कसताना काही होत नाही, दुसऱ्या दिवशी गाडीखाली डोकं तुटून पडलेलं सापडतं. वेल्डर लो-हायड्रोजन रॉड वापरण्याआधी भाजून घेतात तेही याचसाठी : रॉडवरच्या ओलाव्यातला हायड्रोजन जोडात जाऊ नये.

मग इथे लगेच प्रश्न येतो : दोनशे अंशांत हायड्रोजन निघून जात असेल, तर तीनशे ते पाचशे अंशांवर चालणाऱ्या भट्टीत तो टिकेलच कसा? प्रश्न बरोबर आहे आणि बरीच वर्षं तज्ज्ञांचाही कल असाच होता. हायड्रोजन मुंगीसारखा आहे, पोलादात त्याला कुठेही वाट सापडते. तापमान चढलं की तो झपाट्याने बाहेर पडतो. स्वच्छ, न बिघडलेल्या पोलादात हे पूर्ण खरं आहे. पण मुंगीला वाटेत गुळाचा खडा दिसला तर ती पुढे जात नाही.

दोघं एकत्र आले की

हेलियमचा बुडबुडा हा तो गुळाचा खडा. हायड्रोजन बुडबुड्याच्या काठाला चिकटतो. आत हेलियम, भोवती हायड्रोजनचं वेष्टन, असं चित्र गणितांतून आणि प्रयोगांतून पुढे आलं आहे. एरवी निघून गेला असता तो हायड्रोजन त्यामुळे अडकून राहतो आणि बुडबुड्याला पोकळीच्या आकारापर्यंत पोचायला हात देतो. विरजणाला उबदार जागा मिळावी तसं.

हे तपासायला खास यंत्रं आहेत. जपानमध्ये ताकासाकी, फ्रान्समध्ये साक्ले, अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ. तिथे पोलादाच्या एकाच ठिपक्यावर एकाच वेळी तीन झोत सोडतात : एक लोखंडाच्या आयनांचा, अणू उधळायला, दुसरा हेलियमचा, तिसरा हायड्रोजनचा. लोखंड आणि क्रोमियमच्या मिश्रधातूंवर तिन्ही झोत एकत्र सोडले, तेव्हा काही तापमानांना फुगवटा एकट्यादुकट्या झोतापेक्षा कितीतरी जास्त निघाला. मला इथली खरी शिकवण अशी वाटते की हेलियमचा परिणाम वेगळा मोजला, हायड्रोजनचा वेगळा मोजला आणि बेरीज केली, असा हिशेब इथे चालत नाही. तापमान बदललं, पोलादाचा घाट बदलला की उत्तर बदलतं.

आणखी एक धागा यात गुंतलेला आहे. इंधनातला ट्रिटियम हा हायड्रोजनच, त्यामुळे तोही भिंतीत मुरतो आणि बुडबुड्यांभोवती अडकतो. ट्रिटियम किरणोत्सारी आहे आणि अतिशय दुर्मीळ. तो भिंतीत अडकला की इंधनाचा हिशेब चुकतो, सुरक्षेचाही. त्यात त्याचा अर्धायुकाल १२.३ वर्षांचा आणि क्षय झाला की त्याचं होतं हेलियम. म्हणजे भट्टी बंद करून ठेवली तरी अडकलेल्या ट्रिटियममधून पोलादात हेलियम वाढतच राहतो.

खराब झालेली भिंत बदलून टाकली तर?

तशीच योजना आहे. प्लाझ्माला सामोरे जाणारे भाग ठरावीक काळाने यंत्रमानवांच्या हातांनी काढायचे आणि नवे बसवायचे. प्रश्न जोडांचा आहे. पाणी, हेलियम, वितळलेलं शिसं वाहून नेणाऱ्या नळ्या कापाव्या लागणार आणि पुन्हा वेल्ड कराव्या लागणार. हेलियम मुरलेल्या पोलादाला वेल्डिंगची ऊब लागली की जोडाशेजारचे बुडबुडे भराभर वाढतात, आणि जोड थंड होताना आकसतो तेव्हा कणांचे सांधे फाटतात. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या सवाना रिव्हर इथे एका जुन्या अणुभट्टीच्या स्टेनलेस स्टीलच्या टाकीची दुरुस्ती करताना नेमकं हेच झालं. वेल्डच्या शेजारी तडे गेले आणि त्याचं कारण निघालं धातूत अडकलेला हेलियम.

म्हणून 'ईटर'च्या आराखड्यात पुन्हा वेल्ड करायच्या जागी हेलियमची मर्यादा घातली आहे : जाड पट्टीत दहा लाखांत एक, पातळ नळीत तीन. आपण वर एक किलोचा हिशेब केला तो हजाराचा होता. म्हणून असे जोड न्यूट्रॉनांपासून दूर, जाड आडोशाच्या मागे न्यावे लागतात. एक वेल्ड कुठे पडेल, यावरून अख्ख्या यंत्राची रचना ठरते.

मग निराळ्या पोलादात काय आहे?

पहिला उपाय म्हणजे निकेल काढून टाकणं. निकेल हेलियम जास्त निर्माण करतं, शिवाय निकेलवालं स्टेनलेस स्टील फुगतंही जास्त. निकेल, मॉलिब्डेनम आणि निओबियमच्या जागी टंगस्टन, व्हॅनेडियम, टँटलम घातलं की किरणोत्सारही शंभरेक वर्षांत खूप खाली येतो. असं पोलाद युरोपात 'युरोफर' नावाने बनलं, जपानमध्ये 'एफ८२एच'. आपल्याकडे कल्पक्कमचं इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि हैदराबादची मिश्रधातू बनवणारी 'मिधानी' कंपनी यांनी मिळून ९ टक्के क्रोमियम, १.४ टक्के टंगस्टन आणि ०.०६ टक्के टँटलमचं भारतीय पोलाद तयार केलं. 'ईटर'साठी हजीऱ्यात बनलेल्या ३,८५० टनांच्या क्रायोस्टॅटची, म्हणजे अख्ख्या यंत्राला वेढणाऱ्या निर्वात पात्राची, बातमी सगळीकडे झळकली आणि ते कौतुक योग्यच होतं. पण क्रायोस्टॅट बाहेर असतो, न्यूट्रॉनांपासून दूर. आतल्या भिंतीची लढाई हे दुसरं पोलाद लढणार आहे, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं याची मला खंत वाटते.

या पोलादांना साधारण ३५० ते ५५० अंश सेल्सिअस एवढीच खिडकी मिळते. खाली ठिसूळपणा, वर मऊपणा.

दुसरा उपाय मला विलक्षण सुंदर वाटतो, कारण त्याचं तत्त्व आपल्या माळरानांवर लोकांनी कुदळ-फावड्याने राबवलेलं आहे. पाणी अडवा, पाणी जिरवा. डोंगरउतारावर समतल चर खणले की पाणी ओढ्याला जाऊन पूर आणण्याऐवजी हजार ठिकाणी थोडं थोडं थांबतं. पोलादात यिट्रियमच्या ऑक्साइडचे दोन ते पाच नॅनोमीटरचे अगणित कण पेरले, तर हेलियम प्रत्येक कणाशी थोडा थोडा अडतो. बुडबुडे होतात, पण असंख्य आणि बारीक, पोकळी होण्याइतके मोठे नाहीत. कणांच्या सांध्यांपर्यंत हेलियम कमी पोचतो. त्याला ओडीएस पोलाद म्हणतात. ते बनवायला धातूची भुकटी तासन्‌तास गोट्यांच्या चक्कीत दळावी लागते, म्हणून ते महाग आहे. वितळवून वेल्ड केलं तर हे पेरलेले कण एका ठिकाणी गोळा होतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

पोलादच कशाला, असंही विचारतात. टंगस्टन उष्णता सोसतं पण मुळात ठिसूळ. सिलिकॉन कार्बाइडमध्ये तर पोलादाच्या कितीतरी पट हेलियम तयार होतो. व्हॅनेडियमचे मिश्रधातू हेलियमच्या बाबतीत बरे, पण ते हायड्रोजन शोषून घेतात. पोलाद अजून तरी सर्वात भरवशाचं आहे.

सत्तर वर्षांचा अणुभट्ट्यांचा अनुभव पुरत नाही का?

ऑगस्ट १९५५मध्ये जिनीव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलताना होमी भाभांनी दोन दशकांत नियंत्रित संलयनाची रीत सापडेल असं भाकीत केलं होतं. आज ते वाक्य काहीजण संलयनाची आश्वासनं कशी फसतात याचा दाखला म्हणून देतात. मला ते अन्यायाचं वाटतं. त्या वेळी पोलादात पोकळ्या पडतात हे कुणी पाहिलंही नव्हतं, ते दिसायला १९६७ उजाडावं लागलं.

अणुभट्ट्यांतून मिळालेला अनुभव अमूल्य आहे, पण तो अणू उधळण्याचा अनुभव आहे. संलयनात उधळण आणि वायू एकदम येतात, ठरावीक प्रमाणात, वर्षानुवर्षं. आयनांचे झोत काही तासांत शेकडो डीपीए देतात, पण ते पोलादात एक-दोन मायक्रोमीटरच खोल जातात. एवढ्या पातळ थराला ओढून तोडता येत नाही. पोलादात बोरॉन किंवा निकेल मुद्दाम घालून साध्या अणुभट्टीत हेलियम बनवता येतो, पण मग ते पोलाद तेच राहत नाही. प्रत्येक युक्ती सत्याचा एक कोपरा दाखवते.

म्हणून स्पेनमध्ये ग्रॅनडाजवळ एस्कूझार इथे 'इफ्मिफ-डोन्स' नावाची सुविधा उभी राहते आहे. तिथे ड्यूटेरियमच्या केंद्रांचा १२५ मिलिअँपिअरचा झोत वितळलेल्या लिथियमच्या पडद्यावर आदळेल. तो पडदा सेकंदाला सुमारे १५ मीटर वेगाने वाहत असेल, जाडी जेमतेम २५ मिलिमीटर. त्यातून निघणारे न्यूट्रॉन संलयनाच्या न्यूट्रॉनांशी बरेचसे जुळतील आणि हेलियम-हायड्रोजनचं प्रमाणही. सर्वात तीव्र मारा मिळेल अशी जागा मात्र अर्ध्या लिटरच्या आतबाहेर आहे. तिच्यात बोटाच्या पेराएवढे पोलादाचे तुकडे ओळीने बसवतील, वर्षानुवर्षं झोत सोडतील, मग ते जाड काचेमागून काढून ओढतील, वाकवतील, तोडतील. 'ईटर'मध्ये ड्यूटेरियम आणि ट्रिटियम एकत्र पेटवण्याचं सध्याचं नियोजन २०३९चं आहे. त्यानंतरच्या वीजकेंद्राची भिंत किती वर्षं टिकेल हा आकडा पहिल्यांदा या छोट्या तुकड्यांवरून लिहिला जाईल.